मागं बघायचं नाही

‘रूबीला ताप होता, रात्रभर उशाशी बसलो’
असं पत्रात लिहून आलं
तेव्हा लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं.
थोरल्या जावेनं ते दोनदा वाचलं,
दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.
मी घेवडा निवडत होते.
त्या दिवशीच्या आमटीत खडे निघाले.

पुढच्या पत्रात फोटो आला.
पिवळसर अंग, जीभ बाहेर,
शेजारी गुडघ्यावर टेकलेले हे,
आमच्या लग्नाच्या फोटोत नाहीत एवढे हसलेले.
जाऊ म्हणाली, अगं, कुत्री हाय की.
मी म्हटलं, दिसतंय.

सुट्टीवर आले तरी पहाटे चारला उठायचे.
चार म्हणजे तिला ब्रश फिरवायची वेळ.
अंधारात ओट्यावर बसून राहायचे,
हात मांडीवर, हाताला काम नाही.
एकदा मीच केस मोकळे सोडून पुढ्यात बसले,
तर लाजले,
उठून म्हशीकडं गेले.

सुट्टी संपली की फाट्यापर्यंत मी जायची.
पुसेगावकडनं सातारा गाडी यायची.
ट्रंक टपावर, हे आत,
आणि गाडी वर्धनगडाच्या घाटाला लागेपर्यंत
मान एकदासुद्धा वळायची नाही.
अठरा वर्षं.
माहेरी मी सांगून ठेवलं होतं :
दगड बघून दिलात मला.

पेन्शनीत आले ते एक ट्रंक, दोन घोंगड्या
आणि दात झिजलेला एक ब्रश घेऊन.
ब्रश देवळीत ठेवला. मी विचारलं नाही.

मग हे आलं, कुणाचंच नसलेलं,
अंगावर वाघ्या घेवड्यासारखे पट्टे,
म्हणून पोरांनी नावच पाडलं, घेवड्या.
ह्यांनी त्याला अंगणात उभं केलं :
बैठ!
ते माझ्याकडं बघायला लागलं.
रुक!
ते निघून गेलं.
डेअरीवाला तुळशीदास म्हणाला,
हवालदार, त्याला हाड् सोडून काय कळत न्हाई.

ह्यांचा नियम : कुत्र्यानं एकाच हातचं खायचं.
घेवड्या ह्यांच्या हातचं खायचा,
मग मागच्या दारी माझ्या,
मग डेअरीत जाऊन तुळशीदासच्या.

एका रात्री वीज गेलेली.
घेवड्या उंबऱ्यावर आडवा.
हे आपणहून बोलायला लागले,
माझ्याशी की त्याच्याशी, अंधारात कळेना.
म्हणाले, शेवटच्या दिवशी पट्टा
नव्या पोराच्या हातात द्यायचा असतो.
द्यायचा आणि चालू लागायचं.
मागं बघायचं नाही.
बघितलं तर ती तुझीच राहते,
त्याचं ऐकत नाही,
आणि न ऐकणारं कुत्रं
सुरुंगावर पाय देतं. पोरालाही नेतं.
ती ओरडत होती, म्हणाले.
दोनशे पावलं होती गेटापर्यंत.
मोजली.

मी चिमणी लावायला उठले
आणि काडेपेटी हातात धरून तशीच उभी राहिले.
फाटा आठवला. टपावरची ट्रंक.
पदर तोंडात धरून उभी असलेली मी,
जिला पुढच्या दिवाळीपर्यंत
घरातल्या सगळ्यांचं ऐकायचं होतं.

म्हणजे दगड नव्हता.
हे मी त्यांना बोलले नाही.
एवढ्या वर्षांचा राग असा एका रात्रीत
कुणी टाकून देतं होय?

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला साताऱ्याला निघाले.
गुडघे दुखतात, तरी फाट्यापर्यंत मी गेले.
घेवड्याही आला, न बोलावता.
गाडी आली. हे चढले.
गाडी सुटली आणि मागच्या खिडकीत
ह्यांचं तोंड.
टोपी काढलेली. हात वर, अर्धाच.

कुत्र्यासाठी की माझ्यासाठी,
ते कोण विचारणार.

घेवड्या मोरीपर्यंत गाडीमागं पळाला,
धापा टाकत परत आला
आणि रस्त्याच्या मधोमध, कुणी न सांगता,
बसला. ताठ. हुकमातल्यासारखा.

मी म्हटलं, ऊठ मेल्या,
मागनं उसाचा ट्रॅक्टर येतोय.